आत सोडलेली माया

गिऱ्हाईक: नाही हो, तक्रार नाहीये माझी. कोट अगदी छान बसतोय. मी फक्त विचारतेय, हा लाल टाका कुणी घातला?

जाऊबाई: कुठला लाल टाका?

गिऱ्हाईक: हा बघा ना. डाव्या बाहीच्या आत. काळा कोट, काळं अस्तर, सगळे टाके काळे आणि हा एकच लाल.

जाऊबाई: अगं बाई, चुकून राहिला असणार. आणा इकडे, कात्री लावते. एका मिनिटाचं काम.

गिऱ्हाईक: नको, नको! कापू नका!

जाऊबाई: तक्रार नाही म्हणता, कापू नका म्हणता, मग कोट काय नुसता हवा खायला आणलाय? बसा जरा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय गेलाय. ह्या गठ्ठ्यावर बसा, रद्दीच आहे. अगं ए, बाहेर ये! एक बाई आल्यात, चांगलं शिवलंय म्हणून भांडतायत!

टेलरबाई: आले. टाचण्या तरी काढू द्या तोंडातल्या. काय झालं?

जाऊबाई: ह्यांचा कोट तू मागच्या आठवड्यात ढिला करायला घेतलास ना? बाहीत लाल दोरा राहिलाय.

टेलरबाई: राहिला नाही, घातलाय. माझी खूण आहे ती. कोट मोठा करायचा तर आतून उघडावा लागतो. डाव्या बाहीचं अस्तर वीतभर उसवायचं आणि अख्खा कोट त्या भोकातून उलटा ओढायचा. काम झालं की बंद करताना शेवटचा टाका लाल. पुन्हा कधी माझ्याकडे आला तर मला कळतं, इथे मी येऊन गेलेय. बाहेरून दिसत नाही. आजवर कुणालाच सापडला नव्हता. तुम्हाला कसा सापडला?

गिऱ्हाईक: मी शोधला.

टेलरबाई: कशाला?

गिऱ्हाईक: कोट द्यायला आले होते तेव्हा तुम्ही म्हणालात, "डाव्या बाहीतून उघडते, म्हणजे कोटाला कळतही नाही." हे वाक्य मी आधी वाचलेलं होतं. अगदी असंच. बाराव्या प्रकरणात. फौजदार फाटलेला कोट घेऊन शिंप्याकडे जातो, आणि तो म्हातारा शिंपी हेच बोलतो. आणि आत एक लाल टाका घालतो. म्हणून परवा कोट घरी नेल्यावर पहिली बाही उलटी केली.

जाऊबाई: कुठला फौजदार? हे बघा बाई, पोलिसांची भानगड नको आम्हाला.

गिऱ्हाईक: तुम्ही 'उसवण' ना?

टेलरबाई: जाऊबाई, इस्त्री बघा, काहीतरी जळतंय.

जाऊबाई: इस्त्री बंद आहे. उसवण म्हणजे काय? ही बाई तुला उसवण का म्हणतेय?

टेलरबाई: मला काय ठाऊक?

गिऱ्हाईक: तुमचे कान लाल झालेत.

टेलरबाई: दिवसभर इस्त्रीच्या वाफेत बसलं की होतात.

जाऊबाई: अगं, बंद आहे म्हटलं ना इस्त्री!

गिऱ्हाईक: मी सांगते. ती शनिवारची मालिका आठवते का तुम्हाला? वीस एक वर्षं झाली. एक फौजदार असतो, आणि एक डॉक्टरीण, मेलेल्या माणसांची तपासणी करणारी. दोघं मिळून खून शोधून काढतात.

जाऊबाई: आठवते म्हणजे काय! शेवटच्या भागात त्याची बदली होते. तो आपला बसमध्ये बसतो आणि ही मेली नुसती हात हलवत उभी. एका शब्दाने कुणी काही बोललं नाही. मी दोन दिवस जेवले नव्हते.

टेलरबाई: दोन्ही वेळ जेवलात तुम्ही. मी वाढत होते.

जाऊबाई: मनातून नव्हते जेवले.

गिऱ्हाईक: तो उतरतो बसमधून.

जाऊबाई: कधी?

गिऱ्हाईक: ह्यांच्या पहिल्या प्रकरणात. पुढच्या थांब्यावर उतरतो आणि बॅग हातात घेऊन चालत परत येतो. पाऊण तास.

जाऊबाई: असं टीव्हीवर नव्हतं.

टेलरबाई: नव्हतं. म्हणूनच लिहिलं. झालं समाधान?

गिऱ्हाईक: बघा! मान्य केलंत!

जाऊबाई: थांबा, थांबा. काय लिहिलं? कुठे लिहिलं? मला कुणी नीट सांगेल का?

गिऱ्हाईक: इंटरनेटवर एक साईट होती हो. आम्ही तिला कट्टा म्हणायचो. मालिका संपली पण ज्यांचं मन भरलं नाही, असे सगळे तिथे जमायचे. त्याच फौजदाराच्या, त्याच डॉक्टरणीच्या पुढच्या गोष्टी लिहायचे आणि बाकीचे वाचायचे. फॅन फिक्शन म्हणतात त्याला. खऱ्या नावाने कुणी नसायचं. ह्यांचं तिथलं नाव उसवण. आणि ह्यांची गोष्ट सगळ्यात लांब. एक्केचाळीस प्रकरणं.

जाऊबाई: हिची? ही तर साधं पोस्टकार्ड लिहायचं तरी मला विचारते. आणि लिहिलं कधी? घरी कॉम्प्युटर नव्हता.

टेलरबाई: शेजारी नेटकॅफे होता की. जेवायच्या सुट्टीत जायचे.

जाऊबाई: सुट्टीत तू दातांच्या डॉक्टरकडे जायचीस! अख्खं वर्ष! मी तुला मऊ मऊ करून वाढत होते! मला वाटायचं, एवढे दात असतात तरी का माणसाला!

टेलरबाई: चुकलं माझं. पण सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता.

जाऊबाई: हसलेच असते. दुसऱ्याची माणसं उचलायची, आपली गोष्ट लिहायची. चोरीच की ही.

टेलरबाई: जाऊबाई, ह्या दुकानात आपण कधी एक तरी कपडा कापलाय का?

जाऊबाई: आपण कशाला कापू? आपलं काम आल्टरचं.

टेलरबाई: मग तेच. पंचवीस वर्षं दुसऱ्याने शिवलेलं घेतोय आपण हातात. ह्यांचा हा कोट कंपनीने शिवला. लाख बायकांसाठी एका मापाने. कंपनीला ह्यांचे खांदे ठाऊक नाहीत, ह्यांची कंबर ठाऊक नाही. मी उघडला, ह्यांच्या अंगावर बसेल असा केला. मी काय कंपनीचा कोट चोरला? मालिकावाल्यांनी दोघांना सहा वर्षं नाचवलं आणि शेवटी बसमध्ये कोंबून मोकळे झाले. त्यांना घाई होती. पण कापड चांगलं होतं हो. आणि आत माया भरपूर सोडली होती.

गिऱ्हाईक: माया?

टेलरबाई: शिलाईच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ना, पुढे कधी वाढवायला लागलं तर म्हणून. त्याला माया म्हणतो आम्ही. तुमच्या कोटाला दोन्ही बाजूंनी बोटभर होती, म्हणून तर वाढवता आला. तसं त्या दोघांच्या बोलण्यात होतं. ती म्हणायची "सांभाळून जा" आणि तो म्हणायचा "हो." एवढंच. आत केवढं कापड दुमडलेलं! मी फक्त उसवलं. आणि ह्याची मला काडीची लाज वाटत नाही, लपवलं असलं तरी. तुम्ही कोण पण? कट्ट्यावर होता ना? तिथे काय नाव होतं तुमचं?

गिऱ्हाईक: ते... सांगते ना. आधी हे बघा. मी सगळी प्रकरणं तेव्हा ऑफिसच्या प्रिंटरवर छापून घेतली होती. ही फाईल.

टेलरबाई: एक्केचाळीसच्या एक्केचाळीस?

गिऱ्हाईक: हो. प्रतिक्रियांसकट.

टेलरबाई: इकडे द्या. ... कट्टा बंद पडला तेव्हा सगळं गेलं माझं. मी कुठे छापून ठेवलं नव्हतं. बारा वर्षांत एक ओळ बघितली नाही ह्यातली. अगं बाई, हे वाक्य केवढं लांबलंय. श्वास लागतो. आणि हे समासात काय लिहिलंय? निळं, हिरवं, पेन्सिल... पोरांनी गिरवलंय का?

गिऱ्हाईक: मीच. निळी शाई सव्विसाव्या वर्षीची. तेव्हा मी वाचत नव्हतेच खरं तर, चाळत होते. नवीन प्रकरण आलं की आधी पानावर 'मिठी' हा शब्द शोधायचे. नाही सापडला तर 'हात'. तोही नाही सापडला तर उसवणला शिव्या.

जाऊबाई: बरोबरच आहे. माणूस वाट कशाची बघतो?

गिऱ्हाईक: हिरवी शाई पस्तिशीची. तेव्हा घरात भांडणं चालू होती. मग मी ह्यातली फक्त भांडणं वाचायचे. तेविसावं, खिडकीचं भांडण, त्याच्या तर कडा फाटल्यात. दोघं अर्धं प्रकरण खिडकी उघडी की बंद यावर भांडतात, आणि एकदाही कुणी वाकडं बोलत नाही. मला वाटायचं, असं भांडता आलं पाहिजे. आणि पेन्सिल आत्ताची. दोन-तीन वर्षांतली.

टेलरबाई: एकतिसावं बघते. नळाचं.

गिऱ्हाईक: ते नको बघू... बघा.

टेलरबाई: निळ्या शाईत: "काय हे? पाच पानं नुसता नळ???" तीन प्रश्नचिन्हं.

जाऊबाई: नळ?

टेलरबाई: नळ गळत असतो तिच्या घरात. तो दुरुस्त करतो, ती बॅटरी धरून उभी असते. बाकी काही होत नाही. आणि त्याच्याखाली पेन्सिलीने... "पाचच का?"

गिऱ्हाईक: हो.

टेलरबाई: "पाचच का?" अस्सं.

गिऱ्हाईक: आता मी सगळ्यात जास्त तेच वाचते. आठवड्यातून एकदा तरी. ती बॅटरी धरते, तिचा हात भरून येतो, आणि तो मान वर न करता म्हणतो, "हात बदला." त्याला न बघता कळतं. हे सव्विसाव्या वर्षी मला दिसलंच नव्हतं. शप्पथ सांगते, ती ओळ तेव्हा तिथे नव्हती.

टेलरबाई: होती. आता नाव सांगा.

गिऱ्हाईक: लवंगी.

जाऊबाई: काय झालं? कोण लवंगी? तुझा चेहरा असा का झाला?

टेलरबाई: काही नाही. शेवटचं पान काढा लवंगीबाई. प्रतिक्रियांसकट छापलंय म्हणालात ना. वाचा. मोठ्याने वाचा, जाऊबाईंना ऐकू द्या.

गिऱ्हाईक: पाठ आहे मला.

टेलरबाई: मग म्हणा.

गिऱ्हाईक: "चाळीस प्रकरणं वाट बघितली. शेवटी लग्न लावलंस. आणि एक्केचाळिसाव्यात घरी येऊन तो तिला काय म्हणतो? 'तुम्ही दार लावलंत का?' अजून तुम्ही? बायकोला? तुला प्रेम म्हणजे काय हे ठाऊकच नाही. तू लिहिणं बंद कर. त्यापेक्षा शिवणटिपण कर."

जाऊबाई: शिवणटिपण?

टेलरबाई: करतच होते.

गिऱ्हाईक: मला काय ठाऊक होतं! मी आपलं बोलायचं म्हणून बोलले. खाली बावीस जणांनी "बरोबर बोललीस" लिहिलं. आणि त्यानंतर उसवण आलीच नाही. ना बेचाळिसावं आलं, ना निरोप. एकोणीस वर्षं मी हे उरावर घेऊन फिरतेय. तुमची गोष्ट मी बंद पाडली.

टेलरबाई: तुम्ही?

गिऱ्हाईक: मीच की. म्हणून माफी मागायला आले. तो टाका वगैरे निमित्त. बाहेर दोन फेऱ्या मारल्या आधी.

टेलरबाई: एवढं महत्त्व देऊ नका स्वतःला.

गिऱ्हाईक: म्हणजे?

टेलरबाई: म्हणजे तुमच्या दहा ओळींनी माझं लिहिणं बंद पडेल, असं कसं वाटलं तुम्हाला? राग आला. खोटं कशाला बोलू, असा राग आला की त्या दिवशी एका कोटाच्या दोन्ही बाह्या उलट्या लावल्या मी. पण रडले नाही आणि माफीबिफी मला नको. कशाची मागता? सव्वीस वर्षांची पोर, मनापासून वाट बघत होती, मनासारखं झालं नाही, ओरडली. वाचत होती म्हणून ओरडली. बावीस जणांनी नुसता अंगठा टेकवला, त्यांचं एकाचं नाव मला आठवत नाही. तुमचं आठवतं.

गिऱ्हाईक: पण तुम्ही तर थांबलात.

टेलरबाई: थांबले कुठे? तुम्हाला दाखवायची थांबले.

गिऱ्हाईक: काय?

टेलरबाई: उठा जरा.

गिऱ्हाईक: का? जाऊ मी?

टेलरबाई: जाऊ नका. उठा. तुम्ही बेचाळीस ते एकशे अठरावर बसलात.

जाऊबाई: ह्या गठ्ठ्यावर? अगं, ह्या तर जुन्या मापांच्या वह्या! मी स्वतः सुतळी बांधलीय!

टेलरबाई: पुढून मापं. मागून उघडून बघा.

जाऊबाई: दोनदा रद्दीवाला दारात आला, दोनदा तू त्याला परत पाठवलंस. मी म्हटलं, मेलेल्या गिऱ्हाइकांची मापं कशाला जपतेय ही? म्हटलं, वयाचा परिणाम असेल. आणि हे... अरे देवा. पानंच्या पानं. आणि अक्षर तर बघा, मला बिलावर असं अक्षर कधी दिसलं नाही.

गिऱ्हाईक: एकशे अठरा! मी... पाणी मिळेल का जरा?

जाऊबाई: हे घ्या. सावकाश.

गिऱ्हाईक: मला वाचायचंय.

टेलरबाई: नाही.

गिऱ्हाईक: नाही म्हणजे?

टेलरबाई: नाही म्हणजे नाही. तेव्हा तुम्हाला आवडलं नाही म्हणून दाखवलं नाही. आता आवडेल म्हणून दाखवू? मी कुणाच्या आवडीवर लिहिलेलं नाही हे. एकोणीस वर्षं कुणी पाठीवरून बघत नव्हतं. कुणी मिठी शोधत नव्हतं. त्या दोघांना मी जगू दिलं निवांत. तुम्ही याल, पेन्सिल काढाल, पाच वर्षांनी तुमचं मन पुन्हा बदलेल, मग जांभळी शाई. नको मला.

गिऱ्हाईक: बदलेलच. बदलू नये का?

टेलरबाई: खुशाल बदला. माझ्या वह्यांवर नको.

गिऱ्हाईक: मग मीही सांगते. माफी परत घेतली. आले तेव्हा म्हटलं होतं, तक्रार नाही. आता आहे. लिहून घ्या.

जाऊबाई: आता काय ही?

गिऱ्हाईक: मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खात्यात आहे, फोनवर. वीस वर्षं लोकांच्या तक्रारी लिहून घेतेय. आज माझी लिहा. माझं काम एकोणीस वर्षं अडवून ठेवलंय. तुम्हाला वाटतं मी सहज बदलले? तेव्हा माझं लग्न नुकतंच ठरलं होतं. आमचं पहिल्या दिवसापासून अरेतुरे. मला वाटायचं, जिथे तुम्ही आलं तिथे प्रेम गेलं, उरला नुसता धाक. म्हणून ओरडले. आमचं अकरा वर्षं टिकलं. शेवटच्या चार वर्षांत घरात 'तू'शिवाय शब्द नव्हता. तू असं केलंस, तू तसं बोललास, तुझ्यामुळे. तू म्हणायला काय लागतं हो? काही लागत नाही. आणि ऑफिसात दिवसाला सत्तर फोन. ओळख ना पाळख, उचलला की 'तू'. तुला काम करायचं नसेल तर घरी बस. तू कोण मला सांगणारी. मग तीन वर्षांपूर्वी एका आजोबांचा फोन आला. तीन दिवस नळाला थेंब नव्हता त्यांच्याकडे. मी तक्रार लिहून घेतली, नंबर दिला. फोन ठेवताना म्हणाले, "तुमचा आवाज थकलाय. तुम्ही जेवलात का?" घरात प्यायला पाणी नाही, आणि मला विचारतात. मी घरी गेले, माळ्यावरून ही फाईल काढली, आणि एक्केचाळिसावं वाचलं. "तुम्ही दार लावलंत का?" वाचलं आणि कळलं, हा माणूस तिला आयुष्यभर गृहीत धरणार नाही. तेवढं एक वाक्य समजायला मला एवढी वर्षं लागली. आता तुम्ही म्हणता पुढचं देणार नाही? लिहून घ्या तक्रार. आणि नंबर द्या मला.

जाऊबाई: दे बाई हिला नंबर. नाहीतर हलायची नाही ही इथून.

टेलरबाई: आणि नाही दिला तर?

गिऱ्हाईक: तर ही फाईल बॅगेत घालते आणि जाते. तुमच्याकडे पहिली एक्केचाळीस नाहीत. माझ्याकडे आहेत. बसा तुमचं अर्धं घेऊन, मी बसते माझं घेऊन.

टेलरबाई: हे धमकावणं झालं.

गिऱ्हाईक: झालं तर झालं. लवंगी आहे मी.

टेलरबाई: तुमचं माप मीच घेतलं ना मागच्या आठवड्यात?

गिऱ्हाईक: हो. का?

टेलरबाई: दोन इंचांनी वाढलात म्हणून तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता. खाली मान घालून म्हणालात, "नवीनच घ्यावा का हो?" मी म्हटलं, नवीन कशाला, आत माया आहे.

गिऱ्हाईक: म्हणाला होतात.

टेलरबाई: गोष्टीलाही होती म्हणायची. मला कुठे ठाऊक होतं. मला वाटलं, मी माझ्यापुरतीच सोडलीय.

जाऊबाई: म्हणजे देणार की नाही? हो की नाही बोल.

टेलरबाई: तो बोर्ड वाचा लवंगीबाई. दाराच्या वर.

गिऱ्हाईक: "घाईचं काम घेतलं जाणार नाही."

टेलरबाई: गुरुवारी आमचं दुकान अर्धा दिवस. दर गुरुवारी एक प्रकरण. इथे बसून वाचायचं, वही घरी न्यायची नाही. फोटो काढायचे नाहीत. शेरा लिहायचा तर पेन्सिलीने.

गिऱ्हाईक: दर आठवड्याला एक? अहो, दीड वर्ष लागेल!

टेलरबाई: मी एकोणीस लावली.

गिऱ्हाईक: बरं. कबूल. आणि माझी एक अट. ती माझी प्रतिक्रिया फाईलमधून काढायची नाही. मघाशी तुमचा हात गेला होता त्या पानाकडे. फाडाल तुम्ही.

टेलरबाई: फाडणारच होते.

गिऱ्हाईक: फाडायचं नाही. ती मी आहे. जशी होते तशी. नळावरची तीन प्रश्नचिन्हंही राहू द्यायची.

टेलरबाई: राहू दे.

गिऱ्हाईक: एक विचारू? नंतर कधी... एकशे अठरापर्यंत... म्हणतो का तो तिला तू?

टेलरबाई: सांगू?

गिऱ्हाईक: नको! नको, सांगू नका. तेव्हा ह्याच्यासाठी जीव टाकत होते, आणि आता भीती वाटतेय. म्हणाला तर?

जाऊबाई: ह्यांना नको तर माझ्या कानात सांग.

टेलरबाई: तुम्ही आधी पहिलं प्रकरण वाचा, जाऊबाई. ती फाईल घ्या.

जाऊबाई: तेच वाचतेय मघापासून. हा चालतोय, चालतोय, नुसता चालतोय. तीन पानं झाली. पळायला काय झालं ह्याला? ती तिकडे उभी आहे बिचारी!

टेलरबाई: बूट चावतायत त्याला. पुढच्या पानावर आहे.

जाऊबाई: आणि पुढे हात तरी धरतो का? ह्यात 'मिठी' कुठे आहे ते कसं शोधायचं?

गिऱ्हाईक: निळ्या शाईत खुणा आहेत माझ्या. त्या बघत जा.

टेलरबाई: झालं. एक गेली, दुसरी आली. ही घ्या लवंगीबाई. निळ्या पुठ्ठ्याची वही, मागून उघडा. बेचाळीस.

(गिऱ्हाईक वही घेऊन गठ्ठ्याच्या उरलेल्या भागावर बसते आणि मागून पहिलं पान उघडते.)

जाऊबाई: काय झालं? म्हणाला का तू?

गिऱ्हाईक: नाही.

जाऊबाई: मग डोळ्यांना रुमाल कशाला लावलाय? मेलं का कुणी?

गिऱ्हाईक: नाही हो. तुम्हीच वाचा. पहिलीच ओळ.

जाऊबाई: आणा. "ती दवाखान्यातून आली तेव्हा दिवे लागले होते. त्याने दार उघडलं, तिच्या हातातली बॅग घेतली आणि विचारलं, तुम्ही जेवलात का?" ... अगं बाई. हे तर त्या आजोबांचं.

गिऱ्हाईक: कधी लिहिलंत हे?

टेलरबाई: त्याच दिवशी. तुमचं वाचून नेटकॅफेतून परत आले, त्या उलट्या बाह्या उसवल्या आणि मग लिहिलं.

गिऱ्हाईक: माझं वाचून? म्हणजे हे मला उद्देशून होतं?

टेलरबाई: एवढं महत्त्व देऊ नका म्हटलं ना स्वतःला. गुरुवारी या. आणि जेवून येऊ नका.